रानफुलांचा कैवारी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. त्याच्या पूर्वेच्या अंगाने सिएरा नेव्हाडा ही पर्वतराजी पसरलेली असून तिच्या कुशीत योसेमिटी नावाची एक दरी आहे. दरी लांबीला सुमारे ७ मैल व रुंदीला जेमतेम १ मैल. परंतु तिच्या दोन्ही बाजूंचे कडे पाहून मनुष्य थक्क होतो. त्यांतील एल कॅपिटान हा कडा तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ वर गेला आहे. योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांनी २,४२५ फूट खाली उतरतो. दरीच्याही वर, साडेआठ हजार फुटांच्या उंचीवर, तुओलमीची कुरणे आहेत. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ती बर्फाखाली निजलेली असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळले की थोड्याच आठवड्यांत तेथे निळ्या, पिवळ्या, जांभळ्या रानफुलांचे गालिचे पसरतात. हरणे चरावयास येतात, अस्वले मुळे उकरतात, खारींची धावपळ सुरू होते. हा सारा मुलूख आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. तो राखला जावा म्हणून ज्याने उभा जन्म आपली लेखणी झिजविली, तो जॉन म्यूर तेथे आपला पहिला उन्हाळा काढावयास गेला, तेव्हा तो हीच फुले फस्त करणारा मेंढ्यांचा कळप हाकीत होता.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. त्याचे वडील अतिशय धर्मनिष्ठ आणि तितकेच कडक होते. मुलाने रोज बायबलातील उतारे पाठ करावे, न केल्यास वेताचा प्रसाद घ्यावा, असा घरचा शिरस्ता होता. १८४९ साली जॉन अकरा वर्षांचा असताना वडिलांनी घरदार सोडून अमेरिकेची वाट धरली आणि विस्कॉन्सिन प्रांतातील अरण्यात शेती मांडली. मुलाच्या वाट्यास नांगर आला. सूर्योदयापूर्वी कामास लागावे व दिवस मावळल्यावर घरी यावे, असा त्याचा दिनक्रम होता. एकदा वडिलांनी त्यास विहीर खणावयास लावले. खाली वालुकाश्माचा कठीण खडक होता. छिन्नी व हातोडा घेऊन जॉन रोज एकटाच बादलीत बसून खाली उतरे आणि दिवसभर दगड फोडी. विहीर ८० फूट खोल गेली असता एके दिवशी तळाशी विषारी वायू साचला. जॉनला भोवळ आली. प्राण जाण्याची वेळ आली. कशीबशी त्याने बादली धरली आणि वरच्यांनी त्यास ओढून घेतले. दोन दिवस विश्रांती मिळाली. पुढे त्यास पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागले व पाणी लागेपर्यंत खडक फोडावा लागला.

अशा कष्टांतही या मुलाची जिज्ञासा मेली नाही. रात्री जागून वाचण्यास वडिलांची बंदी होती. मात्र पहाटे हवे तेवढ्या लवकर उठण्यास त्यांनी एकदा परवानगी देऊन टाकली. जॉनने त्या परवानगीचा असा काही उपयोग केला की, वडिलांना ती दिल्याचा पश्चात्ताप झाला असावा. रात्री एक वाजता उठून तो तळघरात जाई आणि थंडीत कुडकुडत लाकडाची यंत्रे घडवी. लाकडाची घड्याळे त्याने केली. ठरलेल्या वेळी झोपलेल्या माणसास उभा करणारा पलंगही त्याने केला. १८६० साली मॅडिसन शहरी भरलेल्या प्रदर्शनात या यंत्रांनी लोकांस चकित केले. पुढे तेथील विद्यापीठात तो शिकावयास राहिला. एका सहाध्यायाने त्यास दारातल्या काटेरी वृक्षाचे फूल तोडून दाखविले आणि एवढा मोठा वृक्ष वाटाण्याच्या वेलाचा सगोत्र कसा, हे त्याच्या पाकळ्यांवरून समजावून दिले. त्या दिवसापासून जॉनला रानावनाचे जणू वेड लागले. १८६३ साली विद्यापीठ सोडून तो वनस्पती हुडकीत भटकू लागला.

पोटासाठी मात्र काही उद्योग करणे भागच होते. इंडियानापोलिस येथे गाड्या तयार करण्याच्या कारखान्यात त्याने नोकरी धरली. यंत्रे सुधारण्यात त्याचा हातखंडा असल्यामुळे मालक त्याच्यावर खूश होते. १८६७ च्या मार्च महिन्यात यंत्राचा चामडी पट्टा सोडवीत असता त्याच्या हातातील कानस निसटली आणि तिचे अणकुचीदार टोक उजव्या डोळ्यात घुसले. थोड्याच वेळात दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. ज्याने फुलांच्या पाकळ्या मोजण्यात आनंद मानला, तो अठ्ठावीस वर्षांचा तरुण अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहिला. सुदैवाने हळूहळू दृष्टी परत आली. परंतु त्या अंधारात त्याचा निश्चय होऊन गेला होता. यंत्रांना त्याने कायमचा रामराम ठोकला. त्याच वर्षी तो केंटकीपासून फ्लॉरिडाच्या समुद्रापर्यंत सुमारे एक हजार मैल पायी चालत गेला. तेथे हिवतापाने त्यास गाठले. बरे वाटल्यावर क्यूबा व पनामामार्गे जहाजाने तो १८६८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोस पोचला आणि शहरात न रेंगाळता डोंगरांच्या दिशेने चालू लागला.

वाटेत कॅलिफोर्नियाचे मधले मैदान लागले. वसंत ऋतू होता. शेकडो मैल लांबीचे ते मैदान फुलांनी इतके दाटले होते की, पाऊल टाकले की कित्येक फुले पायाखाली यावीत. म्यूर त्यांतून नुसता चालत गेला नाही. एका चौरस यार्डाची जागा आखून घेऊन त्याने तिच्यातील वनस्पती जातवार लावल्या आणि फुले मोजली. आज त्या मैदानाचा बहुतेक भाग शेतांनी व फळबागांनी व्यापलेला आहे.

पुढील वर्षी, म्हणजे १८६९ साली, डेलेनी नावाच्या एका मेंढीमालकाने त्यास काम देऊ केले. सुमारे दोन हजार मेंढ्या उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांत न्यावयाच्या होत्या. हाकण्याचे मुख्य काम दुसऱ्या मेंढपाळाकडे होते. म्यूरने देखरेख करावी व मोकळ्या वेळी हवी तेवढी झाडेझुडपे पाहावी, असे ठरले. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि मनात डोंगर आहेत, त्याने याहून अधिक काय मागावे? सोबतीस कार्लो नावाचा सेंट बर्नार्ड जातीचा थोराड कुत्रा घेऊन तो निघाला.

तो उन्हाळा म्यूर कधीही विसरला नाही. योसेमिटीचा धबधबा कड्यावरून कोठे झेप घेतो ते पाहावे, म्हणून तो बोटभर रुंदीच्या कपारीवर टाचा रोवून उभा राहिला आणि खाली कोसळणारे पाणी पाहत राहिला. रात्री त्याला त्याची स्वप्ने पडून दचकून जाग येई. एकदा एक मोठे अस्वल फुलांच्या कुरणात उभे असलेले त्यास दिसले. माणूस दिसताच अस्वल पळ काढते असे त्याने ऐकले होते. ते धावते कसे ते पाहण्याच्या हौसेने तो ओरडत त्याच्या अंगावर धावला. अस्वल जागचे हलले नाही. मान खाली घालून ते त्याच्याकडे रोखून पाहू लागले आणि आपणच आता पळावे की काय, असा प्रश्न म्यूरला पडला. तोही जागीच खिळून राहिला. बऱ्याच वेळाने अस्वल संथपणे वळले आणि अधूनमधून मागे पाहत निघून गेले. अस्वलांच्या कुरणात कसे वागावे, हे म्यूर त्या दिवशी शिकला.

परंतु याच उन्हाळ्यात त्याच्या मनास एक शल्यही लागून राहिले. वाटेत पुरुषभर उंचीच्या लिलींचे ताटवे लागत. त्यांच्यामधून हरणे जात, अस्वले तेथे लोळत, असे तो ऐकत व पाहत होता. पण त्यांच्यापायी ताटव्यांची नासाडी झालेली त्यास आढळली नाही. मेंढ्यांचा कळप मात्र जेथून गेला, तेथे पान उरले नाही की पाकळी उरली नाही. हजारो खुरांखाली माती मोकळी झाली. झऱ्यांचे काठ ढासळले. सकाळी ज्या कुरणात उभे राहून म्यूरने फुलांची चित्रे काढली, ते संध्याकाळपर्यंत उजाड झालेले त्यास पाहावे लागे. रानातील पशू या बागा राखतात आणि माणूस व त्याची पाळीव जनावरे तेवढी त्या उद्ध्वस्त करतात, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला. मेंढ्यांना त्याने टोळधाडीची उपमा दिली आहे. मेंढीचा त्यात काय दोष, असे कोणी म्हणेल. म्यूरचा राग खरे तर तिला तेथे नेणाऱ्यांवर होता आणि त्या उन्हाळ्यात तो स्वतःही त्यांच्यातलाच एक होता.

पुढे काही वर्षे त्याने योसेमिटीतच मुक्काम ठोकला. लाकूड कापण्याच्या गिरणीत तो काम करी. वादळाने पडलेले वृक्षच तेवढे तेथे कापले जात. त्याने आपली झोपडी ओढ्याकाठी बांधली आणि ओढ्याचा एक लहान पाट घरातून वाहता ठेवला. त्यामुळे घरातच नेचे उगवले. पाव, चहा आणि एक जाड कोट एवढ्या शिदोरीवर तो दिवसचे दिवस डोंगरांत हिंडे. बंदूक बाळगीत नसे. भर हिवाळ्यात धबधब्याच्या तुषारांत बुड्या मारणारा आणि बर्फ पडत असतानाही गाणारा एक लहानसा राखी पक्षी त्याचा विशेष लाडका होता. या पक्ष्यावर आणि रानातल्या खारीवर त्याने लिहिलेले लेख आजही आवडीने वाचले जातात. वादळात वृक्षांस काय वाटते ते अनुभवावे म्हणून १८७४ च्या डिसेंबरात तो एका उंच वृक्षाच्या शेंड्यावर चढून बसला आणि वाऱ्याबरोबर तासन् तास झोके घेत राहिला.

हे केवळ भटकणे नव्हते. योसेमिटीची दरी कशी झाली, यावर त्या वेळी वाद चालू होता. जमिनीचा तळ एकाएकी खचून ती झाली, असे राज्याचे प्रमुख भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी मानीत. म्यूरला कड्यांवर घासल्याच्या खुणा दिसल्या आणि हिमनद्यांनी ही दरी कोरली, असे त्याने प्रतिपादन केले. एका मेंढपाळाने शास्त्रज्ञास शिकवावे, याचा व्हिटनींना राग आला. म्यूर वाद घालीत बसला नाही. १८७२ साली उंच शिखरांजवळच्या एका हिमनदीत त्याने खुंट्या रोवल्या आणि ४६ दिवसांनी जाऊन पाहिले, तो मधली खुंटी ४७ इंच पुढे सरकलेली होती. बर्फ स्थिर नसून वाहते आहे, याचा तो पुरावा होता. आज भूशास्त्रज्ञ म्हणतात की, दरी कोरण्यात नदीचाही वाटा मोठा होता आणि म्यूरने हिमनद्यांना थोडे अधिकच श्रेय दिले. तरी जमीन खचल्याची कल्पना मागे पडली ती पडलीच.

१८८० साली म्यूरचा विवाह झाला. सासऱ्यांच्या फळबागा त्याने मेहनतीने सांभाळल्या. त्यास दोन मुली झाल्या, हातात पैसाही आला. पण डोंगर दुरावले आणि लिहिणे थांबल्यासारखे झाले. १८८९ साली एका नामांकित मासिकाचे संपादक रॉबर्ट जॉन्सन यांच्यासह तो पुन्हा तुओलमीच्या कुरणांत गेला. वीस वर्षांपूर्वी जेथे फुलांचे गालिचे होते, तेथे आता तुडवलेली धूळ होती. शेकोटीजवळ बसून दोघांनी ठरविले की, दरीच्या भोवतालचा सारा मुलूख सरकारने राखून ठेवावा अशी चळवळ करावयाची. म्यूरने दोन लेख लिहिले, ते १८९० साली प्रसिद्ध झाले. जॉन्सननी राजधानीत खटपट केली. १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटीच्या राखीव मुलुखाचा कायदा मंजूर झाला.

कायदा झाला तरी मेंढ्या काही कायदा वाचीत नाहीत. उद्यानात कळप घुसविणाऱ्यास काय शिक्षा करावी, हे कायद्यात सांगितलेलेच नव्हते. १८९१ पासून तेथे घोडदळाची पथके राखणीस आली. त्यांनी नामी युक्ती काढली. कळप सापडला की मेंढ्या उद्यानाच्या एका सीमेबाहेर हाकलावयाच्या आणि मेंढपाळास दुसऱ्या सीमेवर नेऊन सोडावयाचे! मधले डोंगर ओलांडून तो आपल्या कळपाशी पोचेपर्यंत कित्येक दिवस जात आणि तोवर मेंढ्या पांगलेल्या असत. एकदा हा अनुभव घेतलेला मेंढपाळ पुन्हा सहसा येत नसे. १८९५ साली म्यूर तेथे गेला, तेव्हा उजाड झालेली कुरणे पुन्हा फुलू लागलेली त्याने पाहिली. सैन्याचा असा उपयोग होऊ शकतो, याचा त्यास मोठा आनंद झाला. तत्पूर्वी १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली होती. म्यूर अखेरपर्यंत तिचा अध्यक्ष होता.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ज्या भूमीस म्यूर मानवाचा स्पर्श न झालेली मानीत असे, तेथे आवानीची नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. ते ओकची फळे गोळा करीत आणि ठराविक वेळी गवत जाळून कुरणे मोकळी ठेवीत. १८५१ साली सशस्त्र तुकडीने त्यांना दरीतून हुसकावून लावले. म्यूरने आपल्या तरुणपणी या लोकांविषयी तुच्छतेने लिहिले आहे. पुढे अलास्कात तेथील मूळ रहिवाशांच्या होड्यांतून प्रवास करताना त्याची दृष्टी पुष्कळ निवळली. फुलांवर इतकी माया करणाऱ्याने ती माणसांना देण्यास उशीर लावला, हा त्याच्या चरित्रातील उणा भाग होय. त्याच्याच सिएरा क्लबने २०२० साली ही उणीव जाहीरपणे मान्य केली.

योसेमिटीची मूळ दरी आणि मारिपोसा येथील प्रचंड सिकोया वृक्षांची राई अजून राज्य सरकारच्या ताब्यात होती आणि तेथील कारभार ढिला होता. १९०३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटी पाहण्यास आले. त्यांनी म्यूरला सोबतीस बोलाविले. तीन रात्री दोघे उघड्यावर निजले. पहिली रात्र सिकोयांच्या छायेत गेली, दुसऱ्या रात्री कड्याजवळच्या मुक्कामी बर्फ पडले. अध्यक्षांसाठी मेजवानीची तयारी करून बसलेली मंडळी हिरमुसली, पण रूझवेल्ट स्वारी खूश होती. शेकोटीच्या उजेडात म्यूरने आपली सारी कळकळ त्यांच्यापुढे ओतली. १९०६ साली ती दरी आणि ती राई राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. रूझवेल्टना निरोप दिल्यावर म्यूर त्याच वर्षी जगाच्या प्रवासास निघाला. त्यात तो हिंदुस्थानातही आला आणि हिमालयातील देवदारांची वने पाहून गेला.

त्याची शेवटची लढाई मात्र फसली. त्याच उद्यानात, योसेमिटीच्या वायव्येस, हेच-हेची नावाची दुसरी दरी होती. तुओलमी नदी तिच्यातून वाहत असे. धबधबे, कडे, फुलांनी भरलेले सपाट कुरण, सारे योसेमिटीसारखेच. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप होऊन आगी लागल्या आणि त्या विझविण्यास पाणी अपुरे पडले. त्यानंतर शहरास पाणी देण्यासाठी ही दरी धरणाने भरून टाकावी, या मागणीने जोर धरला. माणसांची तहान मोठी की फुलांची दरी मोठी, असा हा प्रश्न लोकांपुढे ठेवण्यात आला. पाणी दुसरीकडूनही आणता येईल, हे म्यूर पुनःपुन्हा सांगत राहिला. देशभरातून हजारो लोकांनी त्याच्या बाजूने पत्रे पाठविली. त्याचे जुने सहकारीही या वादात दुभंगले. अखेरीस १९ डिसेंबर १९१३ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली. म्यूर तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. पराभवाने तो फार खचला; तरी अलास्कावरचे पुस्तक पुरे करण्याच्या कामास त्याने पुन्हा हात घातला. वर्षभरातच, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे फुप्फुसाच्या दाहाने त्याचे निधन झाले. त्या पुस्तकाचे हस्तलिखित त्याच्या खाटेवरच होते.

१९२३ साली धरण पूर्ण झाले. हेच-हेचीचे कुरण आता खोल पाण्याखाली आहे आणि तेथले पाणी सॅन फ्रान्सिस्कोचे लोक आजही पितात. नदीच्या उगमाकडे, जेथे १८६९ साली डेलेनीच्या मेंढ्या चरत होत्या, त्या तुओलमीच्या कुरणांत मात्र कोणाही मेंढपाळास प्रवेश नाही. जुलै महिना लागला की तेथे फुले उमलतात आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांच्या मुळांशी झिरपत झिरपत खालच्या धरणाकडे जाते.